झाकण उघडू नका, बटण बंद करू नका

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय स्लो कुकर आणि त्यात होणारं खिम्याचं इस्टू. बीफचा खिमा, अर्धा किलो, आणि त्यात सहा माणसांचं जेवण. ज्यांच्या घरी बीफ चालत नाही त्यांनी बोकडाचा घ्यावा, कोंबडीचा घ्यावा, कृती तीच. मी बीफचं सांगतेय, कारण स्वस्तात करायचं म्हटलं तर आपल्याकडे मटणाच्या भावाकडे बघायची सोय राहिलेली नाही. मी स्वतः काय खाते ते मात्र विचारू नका, सासूबाई रेडिओ ऐकतायत.

स्लो कुकर म्हणजे काय, हे गोव्यातल्या आपल्या सासष्टीत कुणाला सांगायला नको. ज्या घरातला मुलगा बोटीवर आहे त्या घरात तो असतोच. कुठे असतो? कपाटावर, खोक्यासकट. शेजारी सँडविच मेकर, त्याच्या शेजारी ज्यूस काढायचं यंत्र. तारवट्यांच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरची कपाटं बघितली की वाटतं, अर्धं अमेरिकन दुकान इथेच उतरलंय आणि रोजची आमटी मात्र त्याच जुन्या टोपात.

तर चिनी मातीचं जड मडकं, भोवती मंद तापणारी तार, वर काचेचं झाकण, एवढंच ते यंत्र. अर्विंग नॅक्सन नावाच्या अमेरिकेतल्या ज्यू इंजिनिअरला 1940 साली त्याचं पेटंट मिळालं. त्याची आई मूळची लिथुआनियाची. शनिवारी विस्तव पेटवायचा नाही हा त्यांचा धर्मनियम, म्हणून तिकडे शुक्रवारी संध्याकाळी मांस, कडधान्य, बटाटे घातलेलं मडकं भट्टीवाल्याकडे नेऊन द्यायचे आणि विझत आलेल्या भट्टीच्या धगीवर ते रात्रभर शिजायचं. आईने सांगितलेली ही गोष्ट मुलाने विजेवर आणली. 1971 मध्ये ते क्रॉक-पॉट या नावाने बाजारात आलं आणि घरोघरी गेलं. आपल्याकडेही पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीची उरलेली धग काही वाया जात नसे. आता पोदेर राहिले किती आणि त्यांच्या पोळीचा, म्हणजे पावाचा, आकार राहिला केवढा, हा वेगळा विषय आहे. सकाळी ती पोळी हातात घेतली की माझं डोकं तापतं. असो.

कृतीकडे येण्याआधी तुम्हाला कुडतरी गावच्या आंटीची गोष्ट सांगते. सगळा स्लो कुकर त्या एका गोष्टीत आहे.

आंटीचा मुलगा क्रूझ बोटीवर. एका सुट्टीत त्याने मायामीहून स्लो कुकर आणला. आता अमेरिकेतली वीज 120 व्होल्ट, आपली 230. तिकडची वस्तू इकडच्या भिंतीत थेट खुपसली तर उष्णता दुप्पट होत नाही, जवळपास चौपट होते, आणि मग स्लो कुकरातला स्लो संपतो. म्हणून अंकलनी मडगावहून ट्रान्सफॉर्मर आणला. पाव विकायच्या टोपलीत मावणार नाही एवढा लोखंडी डबा. त्यावर एक तांबडा दिवा. चालू केला की डबा घूं घूं करायचा. तो टेबलाखाली ठेवला, कुकर टेबलावर.

मे महिना होता. मुलगा पुन्हा बोटीवर जायच्या आधी आंटीने घरी लादीन, म्हणजे क्रुसासमोरची सामूहिक प्रार्थना, ठेवली होती. वाड्यावरची, म्हणजे आसपासच्या वस्तीतली, पंचवीस-तीस माणसं येणार, प्रार्थना झाल्यावर त्यांना चणे तर द्यायचेच, शिवाय या वर्षी खिम्याचं इस्टू आणि पाव. सकाळी दहाला आंटीने खिमा परतून, बटाटे-गाजरं घालून मडकं भरलं, बटण लो वर ठेवलं, झाकण लावलं आणि ती खुरसाला माळा घालायला निघून गेली. संध्याकाळी सहाला इस्टू तयार, असा हिशेब.

घरात आंटीची सासू होती. वय ऐंशीच्या पुढे. या बाईचं आयुष्यभराचं एक व्रत आहे: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, पंखा बंद, भिंतीवरचं प्रत्येक बटण बंद. विजेचं बिल हा तिचा वैयक्तिक शत्रू. ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात आली. टेबलाखाली काहीतरी घुमतंय, तांबडा दिवा लागलाय आणि खोलीत माणूस नाही. तिने वाकून बटण बंद केलं आणि गेली.

बाराच्या सुमाराला आंटी आली. दिवा बंद. तिला वाटलं, लाईट जाऊन आली असेल. मे महिन्यात आपल्याकडे लाईट येते-जाते, त्यात नवल ते काय? तिने बटण पुन्हा लावलं. अर्ध्या तासाने सासू पुन्हा पाण्याला आली. मे महिना, तहान लागायचीच. तिने बटण पुन्हा बंद केलं. दुपारी दोनला आंटीने पुन्हा लावलं. या वेळी मात्र तिला संशय आला. तिने सासूला विचारलं. सासू म्हणाली, "तांबडो दिवो पेटतालो, हांवें पालयलो. बिल कोण भरतलो, तुजो बापूय?" म्हणजे दिवा तिनेच विझवला होता.

आंटी वाद घालत बसली नाही. तिने पुठ्ठा फाडला, जाड मार्करने मोठ्या अक्षरांत हात लावू नये म्हणून रोमी लिपीतल्या कोंकणीत लिहिलं, ट्रान्सफॉर्मरवर चिकटवलं आणि खुर्च्या मागायला वाड्यावर गेली.

इथे ऐका. सासूचा चष्मा देवघरात, ऑल्तारापाशी, राहिला होता. तिला अक्षरं दिसली नाहीत. तिला दिसला विजेच्या डब्यावर चिकटवलेला कागद. ऐंशी वर्षांच्या अनुभवाने तिने एकच अर्थ काढला: वीज खात्याची नोटीस. आपल्या मुलाने, म्हणजे अंकलनी, बिल भरलेलं नाही, आणि आज लादिनीला पाहुणे यायच्या वेळेला खात्याची माणसं येऊन वाड्यासमोर अब्रू घालवणार. त्यापेक्षा आपणच बंद केलेलं बरं. ती उठली आणि तिने घराचा मेन स्विच खाली ओढला. मग बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, येऊन शांतपणे तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणत बसली.

दुपारची वेळ, उजेड भरपूर, कुणाच्या लक्षात येणार? आत झोपलेला मुलगा घामाने भिजून जागा झाला, पंखा बंद बघून खात्याला शिव्या दिल्या आणि बनियन काढून पुन्हा झोपला. आंटी चारला आली, तिनेही खात्यालाच शिव्या दिल्या. पाचला तिने वीज कार्यालयाला फोन लावला. तिथल्या माणसाला तिने जे ऐकवलं ते आकाशवाणीवरून सांगता येणार नाही. त्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, शेजारी लाईट आहे का?"

मी सहाला पोचले. सगळ्या वाड्यात दिवे, आंटीच्या घरात मेणबत्त्या. मला वाटलं लादिनीची सजावट. मेन स्विच वर केला अंकलनी, आणि सगळ्यांच्या देखत सासू म्हणाली, "आरे, बिल भरलें काय?"

आता मडक्याची कथा. झाकण काढलं तर इस्टू कोमट. बटाटे टणक. आंटी म्हणाली, त्यात काय, गॅसवर चढवते, खळखळ उकळते, तासाभरात होईल. तिची सून नर्स. तिने मडकं हातातून काढून घेतलं आणि म्हणाली, हे कोंबड्यांनाही घालायचं नाही. तिचं बरोबर होतं. साधारण 5 ते 60 अंश सेल्सियस या टप्प्यात जंतू भराभर वाढतात, आणि खिमा मे महिन्याच्या उकाड्यात दिवसभर त्याच टप्प्यात बसला होता. उकळून जंतू मरतील, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. परत सांगते, उकळूनही जात नाही. इस्टू परसात खड्डा करून पुरलं. मुलगा स्कूटर घेऊन मडगावच्या गाड्यावर गेला आणि जेवढी मिळाली तेवढी रोस आमलेट, म्हणजे रश्शातली आमलेटं, बांधून घेऊन आला. तोवर पाहुण्यांना चणे दिले. आणि चणे खाताना सासू सगळ्यांना सांगत होती, "आमच्या तेंपार लादिनीक चणेंच आसताले. कोणूय उपाशी मेलो ना."

काचेपलीकडून मला बोटं दाखवतायत, वेळ थोडा उरलाय. तेव्हा कृती भरभर.

खिमा खाटकाकडून समोर काढून घ्या, आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शिजवा. मांसाच्या तुकड्याला जंतू बाहेरून असतात, खिम्यात ते सगळीकडे मिसळतात, म्हणून खिमा ठेवू नये. फ्रीजरमधला बर्फाळ गोळा थेट कुकरात टाकू नका. आधी पूर्ण सुटा करा, मग कढईत परता, गुठळ्या मोडत, लाली जाईपर्यंत. सुटलेली चरबी पळीने काढून टाका. कच्चा खिमा तसाच घातला तर खाली वडी बसते आणि वर तेलाचा तवंग येतो. त्याच कढईत कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, चार मिरी, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा.

मडक्यात तळाला बटाटे आणि गाजरं, लहान फोडी करून. तळाला, परत सांगते. स्लो कुकरात मांसापेक्षा बटाटा उशिरा शिजतो, आणि परतलेल्या खिम्याला फारसा वेळ लागतच नाही, तुम्ही थांबता ते बटाट्यासाठी. भाजी फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावरून घ्या, स्वस्त पडते. त्यावर मूठभर भिजवलेले अख्खे मसूर. खिमा वाढवायची ही खरी युक्ती, खाणाऱ्याला कळतही नाही. मसुराऐवजी राजमा घालणार असाल तर तो आधी प्रेशर कुकरमध्ये शिजवूनच घाला. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असतं, ते खळखळ उकळीनेच जातं, स्लो कुकरच्या मंद आचेने जात नाही. मग वर खिमा, मीठ, आणि गरम पाणी दीड कप, जास्त नाही, कारण इथे वाफ उडून जात नाही. मडकं निम्म्याच्या वर आणि पाऊण भागाच्या आत भरलेलं असावं.

लो वर सात-आठ तास, हाय वर साडेतीन-चार. शेवटी दोन्ही उकळीच्या जवळच पोचतात, एक लवकर, एक सावकाश. झाकण उघडू नका. एकदा उघडलं की वीस मिनिटं तरी मागे गेलात. टोमॅटो आणि विनाग्र, म्हणजे व्हिनेगर, शेवटच्या अर्ध्या तासात, कारण आंबटाने बटाटा आणि मसूर अडून बसतात. आणि विनाग्र माडाचं घ्या. काही बाटल्यांवर माड छापलेला असतो आणि आत कारखान्यातलं आम्ल असतं, वास घेऊन घ्या, दुकानदार रागावला तरी. मॅकरोनी आवडत असेल तर वेगळी उकडून शेवटी घाला.

खर्च म्हणाल तर दोनशे वॉटचा कुकर सात तास चालला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. आंटीच्या सासूला हे मी समजावलं होतं, तिला पटलेलं नाही. ज्यांच्याकडे स्लो कुकर नाही त्यांनी मुळीच विकत घेऊ नये. जाड बुडाच्या टोपात, झाकण ठेवून, बारीक गॅसवर हेच इस्टू तासाभरात होतं. स्लो कुकरचा फायदा एवढाच की तुम्ही घराबाहेर असू शकता. मात्र पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसला तर बाहेर जाऊ नका. तुम्ही घरात असताना लाईट गेली तर लगेच टोपात ओतून गॅसवर पुरं करा. तुम्ही बाहेर होता आणि किती वेळ गेली होती ते कळत नसेल, तर कुडतरीचा खड्डा आठवा.

उरलं तर गरम मडकं तसंच फ्रिजमध्ये घालू नका, चिनी मातीला तडा जातो. उथळ भांड्यात काढा, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी गॅसवर उकळा, स्लो कुकरमध्ये गरम करू नका, त्याला तापायलाच फार वेळ लागतो. आणि आटवून कोरडं केलंत, तर उकडलेल्या बटाट्याच्या पारीत भरा, अंड्यात बुडवा, रव्यात घोळवा आणि तव्यावर चॉप परता. तेवढ्यासाठी मी दोन वाट्या बाजूला काढून ठेवायला सांगते, पाहुणे बसायच्या आधीच. नमस्कार.