मोटारीच्या कार्पेटवरचे हट्टी डाग

नमस्कार, श्रोतेहो.

मोटारीत पेय सांडते ते बहुधा गतिरोधकावर, आणि ते सांडल्याबरोबर गाडीतला प्रत्येक जण हाताला लागेल त्या कपड्याने जोरजोरात पुसू लागतो. माझी तक्रार या पुसण्याविषयी आहे. घरातला गालिचा उचलून गच्चीत नेता येतो, कठड्यावर झटकता येतो. मोटारीचे कार्पेट मात्र जागच्या जागी घट्ट बसवलेले असते, त्याच्या कृत्रिम धाग्यांखाली फोमचा किंवा जाड नमद्याचा थर असतो आणि त्याच्याही खाली पत्रा. पेय वर जेवढे दिसते त्याहून अधिक खाली मुरलेले असते. म्हणून डाग घासायचा नाही, टिपायचा. पुन्हा सांगतो : घासायचा नाही, कोरड्या पांढऱ्या सुती कापडाने टिपायचा, आणि तोही कडेकडून मध्याकडे, म्हणजे तो पसरत नाही.

इंदूरच्या लोकमान्यनगरात राहणाऱ्या माझ्या मामांनी मामींचा सल्ला डावलून फिक्या बदामी कार्पेटची गाडी घेतली होती. उन्हाळ्यात पुण्याचे पाहुणे आले, त्यांना रात्री सराफ्यातल्या खाऊबाजारात नेणे ओघानेच आले आणि भुट्ट्याचा कीस वगैरे झाल्यावर पाहुण्यांनी शिकंजी घरी जाऊन निवांत पिऊ म्हणून बांधून घेतली. शिकंजी दुकानासमोर उभ्यानेच प्यावी असे माझे ठाम मत आहे, पण पाहुण्यांपुढे कोण बोलणार? राजवाड्याच्या वळणावर एक स्कूटर आडवी आली, मामांनी ब्रेक दाबला आणि केशर घातलेले ते दाट दूध सुक्या मेव्यासकट मागच्या सीटच्या पायाशी ओतले गेले. मामा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले, काम उद्यावर टाकणे त्यांना ठाऊक नाही. त्यांनी त्याच रात्री पातेलेभर पाणी उकळले, त्यात मूठभर धुण्याची पावडर टाकली आणि ब्रश घेऊन कार्पेट असे घासले की शेजारची खिडकी उघडली. सकाळी कार्पेट स्वच्छ होते. संध्याकाळी त्याच जागी पिवळे कडे उमटले, आणि ते आदल्या रात्रीपेक्षा मोठे होते. मामांनी पुन्हा घासले, कडे पुन्हा उमटले. पुढे आंबूस वास सुटला, त्यावर मामांनी मोगऱ्याच्या अत्तराची कुपी टांगली, तेव्हा गाडीत बसणाऱ्याला मोगरा आणि नासलेले ताक यांचा एकत्र लाभ होऊ लागला. (वासावर वास चढवणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिले आलेले आपले शहर रस्ते रात्री झाडते आणि आपण गाडीत मात्र अत्तर टांगतो.)

शेवटी मामी त्यांना एका धुलाई केंद्रावर घेऊन गेल्या. तिथल्या वयस्क कारागिराने कार्पेटवर अंगठा दाबला, बोट हुंगले आणि म्हणाला, "भिया, दाग तो नीचे बैठा है, आप छत धो रहे हो." त्याने दाराच्या उंबरठ्यावरची प्लास्टिकची पट्टी सोडवून कार्पेटचा कोपरा वर उचलला, तर खालच्या फोममधून साबणाचा फेस आणि साकळलेले दूध एकदमच बाहेर आले. त्याने तो थर गार पाण्याने धुऊन व्हॅक्यूमने ओढून घेतला, कोपरा उचललेलाच ठेवून कडक उन्हात दारे उघडी टाकली आणि कार्पेट परत बसवल्यावर रात्री डागावर सुती कापडाची जाड घडी ठेवून तिच्यावर वजन ठेवायला सांगितले. मामींनी घरातला वरवंटा नेऊन ठेवला. सकाळी घडी पिवळी झाली होती आणि कार्पेट पुन्हा बदामी दिसत होते.

यामागचे कारण थोडक्यात सांगतो. ओले कार्पेट वरून सुकू लागले की खालचे पाणी धाग्यांतून वर चढते आणि सोबत रंग व साखर आणते. वजनाखालची घडी ते पाणी स्वतःत शोषून घेते. दुधातली प्रथिने उष्णतेने घट्ट होतात, म्हणून दुधाच्या पेयाला गार पाणी. लक्षात ठेवा : दुधाला गार पाणी आणि एन्झाइम असलेले द्रवरूप डिटर्जंट, तेही थोडेच. कोऱ्या चहाच्या किंवा कॉफीच्या डागाला एक भाग पांढरे व्हिनेगर, दोन भाग पाणी आणि भांडी घासण्याच्या द्रवाचे काही थेंब पुरतात. आपला चहा मात्र दुधाचा, आणि व्हिनेगरने दूध फाटते, तेव्हा आधी दुधाचा उपचार करून जागा साध्या पाण्याने टिपावी आणि मगच व्हिनेगर लावावे. कोलामध्ये दर १०० मिलिलिटरला सुमारे १० ग्रॅम साखर असते; ती मागे राहिली तर धूळ धरते, म्हणून शेवटी साध्या पाण्याने टिपणे चुकवू नये. जुन्या डागावर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड चालते, पण ते आधी सीटखालच्या न दिसणाऱ्या जागी लावून रंग उडत नाही ना, हे पाहावे. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

पुढच्या सीटखाली एअरबॅगच्या तारांचे पिवळे जोड असतात, तिथे पाणी ओतू नये. पावसाळ्यात पेय सांडले तर ऊन मिळेपर्यंत कार्पेटचा कोपरा उचललेला ठेवून आत घरातला पंखा लावावा, कारण खालचा थर ओला राहिला तर पत्र्याला गंज धरतो. नमस्कार.