एएनए पॉझिटिव्ह आला म्हणजे काय?

परळ. केईएमच्या फाटकाबाहेर रिपोर्टच्या पिशव्या सांभाळत उभी असलेली माणसं रोज दिसतात. एखादीच्या कागदावर जाड अक्षरांत छापलेलं असतं: एएनए पॉझिटिव्ह. नंबर लागेपर्यंत मोबाइलवर शोधाशोध होते, स्क्रीनवर ‘ल्युपस’, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार, दिसतं आणि पोटात गोळा येतो.

घाबरण्याआधी ही एएनएची, म्हणजे अँटी-न्यूक्लिअर अँटीबॉडीची, रक्ततपासणी होते कशी, ते बघूया.

रक्तातलं पिवळसर सीरम वेगळं काढून पातळ करत जातात. चाळीस पट, ऐंशी पट, एकशे साठ पट. काचपट्टीवर प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी असतात. त्यांवर सीरमचा थेंब टाकतात, धुतात, मग चमकणारं रसायन लावतात. अंधाऱ्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळा लावला की पेशींची केंद्रकं हिरवीगार उजळलेली दिसतात; कधी सबंध, कधी ठिपक्याठिपक्यांची. पेशीच्या केंद्रकाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी) रक्तात आहेत, एवढंच ती चमक सांगते. आजार आहे, असं ती सांगत नाही.

म्हणून ‘पॉझिटिव्ह’च्या शेजारचा आकडा वाचा. १:४० ला, म्हणजे सीरम चाळीस पट पातळ केल्यावर, निरोगी माणसांतही चारात एखादा पॉझिटिव्ह निघतो. १:१६० ला वीसात एखादा. ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत १:८० हा फक्त उंबरठा आहे. पुढे सांधे, त्वचा, मूत्रपिंड, रक्तपेशी यांचे गुण मोजून किमान १० भरावे लागतात.

आमवातासाठी (सांधे सुजवणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी) करतात त्या आरए फॅक्टर या रक्ततपासणीचंही तसंच. तो टीबीत वाढतो, हेपॅटायटिस सी मध्ये वाढतो. आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, त्याहून भरवशाची. पण दोन्ही निगेटिव्ह येऊनही आमवात असू शकतो, त्यामुळे सकाळी बोटं तासभर आखडत असतील तर निगेटिव्ह रिपोर्टवर निर्धास्त राहू नका. पावसाळ्यात चिकनगुनिया होऊन गेला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यानंतरची सांधेदुखी महिनोन्‌महिने टिकते आणि हुबेहूब आमवातासारखी वाटते.

शरीरातल्या सुजेचा अंदाज देणारा ईएसआर तर नुसत्या ॲनिमियानेही वाढतो.

ल्युपसचा संशय असेल तर लघवीची तपासणी मात्र अजिबात टाळू नका. मूत्रपिंडाला सूज आली तरी सुरुवातीला बहुधा काहीच दुखत नाही. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, आणि ती या साध्या, स्वस्त तपासणीत सापडतात.