जिताड्याचा पहिला कोरडा दाणा

(दृश्य: भिंगाखाली पिल्लू)

अंड्यातून निघालं तेव्हा हे जिताडा माशाचं पिल्लू जेमतेम दीड मिलिमीटरचं होतं. दुसऱ्या दिवशी तोंड उघडलं, आणि त्यात मावेल असं खाद्य म्हणजे रोटिफर. शेवाळाच्या हिरव्या पाण्यावर वाढवलेले हे सूक्ष्म जीव टाकीत दर मिलिलिटरला 10 ते 20 लागतात.

(दृश्य: निमुळत्या तळाच्या टाक्या, नारिंगी पाणी)

साधारण दहाव्या दिवसापासून आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला कोळंबीच्या जातकुळीतला इवलासा जीव. तपकिरी भुकटीसारखी दिसणारी त्याची अंडी खाऱ्या पाण्यात, 28 अंशांना, जोरदार हवा आणि दिव्याच्या उजेडात चोवीस तासांत फुटतात. हवा बंद करा: टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची नारिंगी पिल्लं तळाशी उजेडाकडे जमतात. तळाच्या तोटीतून आधी न फुटलेली अंडी सोडून द्यायची, मग पिल्लं गाळून घ्यायची. टरफल जिताड्याच्या पोटात गेलं तर आतडं तुंबतं. एवढं करून नुसत्या आर्टेमियात पुरेसं डीएचए, म्हणजे माशाच्या पिल्लांना लागणारं मेदाम्ल, नसतंच. त्यासाठी आर्टेमियाला आधी तेलाचं द्रावण पाजावं लागतं. शिवाय अंड्यांचे डबे महागडे, बहुतेक परदेशी.

(दृश्य: सकाळ, चिमटीने खाद्य टाकणारा हात)

म्हणून कोरडं खाद्य. पण घाई नको. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास जठर कामाला लागतं. त्याआधी दिलेला दाणा धड पचत नाही. सुरुवात सकाळी, पिल्लं भुकेली असताना. 250 ते 400 मायक्रॉनचा दाणा, चिमटीचिमटीने. आर्टेमिया अर्ध्या तासानंतर. उलटं केलं तर पोटं भरलेली पिल्लं दाण्याकडे बघतही नाहीत. पाच ते सात दिवस आर्टेमिया रोज थोडी कमी करायची.

जिताडा हलत्या भक्ष्यावरच झेपावतो आणि दाणा हलत नाही, खरी अडचण ही. हवेचे बुडबुडे सोडणारे दगड असे मांडायचे की दाणा प्रवाहात फिरत राहील. जो तळाशी गेला तो वाया, शिवाय कुजून अमोनिया वाढवणार. त्यामुळे दिवसातून दोनदा नळीने तळ ओढून काढायचा. त्यात कंटाळा केला की टाकी हातची गेलीच म्हणा.

(दृश्य: काळपट पिल्लं, मग भोकांची प्लास्टिकची भांडी)

ही काळवंडलेली, बारीक पिल्लं दाणा घेत नाहीत. ज्यांनी घेतला ती झपाट्याने वाढतात आणि आपल्या निम्म्या लांबीहून मोठं भावंडही गिळतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी चाळून मोठी वेगळी करायची.

(दृश्य: रायगड, खाडीकाठचं तळं)

चेन्नईतल्या सिबा या निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीच्या केंद्रीय संस्थेने 1997 साली देशात प्रथम जिताड्याचं बंदिस्त प्रजनन साधलं. तरी खाडीतून धरलेलं बीज, म्हणजे पिल्लं, तळ्यात सोडून त्याला छोटी मासळी घालण्याची रीत अजून आहे. दाण्यावर आलेल्या बिजाला ती मासळी लागत नाही.

बीज घेताना, पॅकिंगसाठी उपाशी ठेवण्याच्या आधी, टाकीत दाणे टाकायला सांगा. झुंड वर येऊन तुटून पडली, तरच पिशव्या भरा.