पापुद्र्यातली चूक

(जळगावात विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टेबलावर दोन खिळे आहेत, एकाच पुडीतले. एक काल चुलीत लालभडक तापवला आणि रात्रभर राखेत निवू दिला. दुसरा ऐरणीवर ठोकून ठोकून चपटा केला. दोघांनाही एकाच चुंबकाला लावून काढतो. बघा, पहिल्याला लोखंडाचा कीस जेमतेम चिकटतोय आणि दुसऱ्याला मिशा फुटल्यात. लोखंड तेच आहे. ठोकल्यामुळे आतल्या अणूंच्या ओळी मोडल्या, एवढाच फरक.

चुंबकाच्या आत लहान लहान प्रदेश असतात, प्रत्येकातल्या अणूंचं चुंबकत्व एकाच दिशेला. त्यांना आपण डोमेन म्हणतो. दोन डोमेनच्या मध्ये एक भिंत असते. बाहेरून चुंबकीय क्षेत्र दिलं की ही भिंत सरकते आणि एका दिशेचा प्रदेश वाढतो. जिथे अणूंची ओळ मोडलेली असते तिथे ती अडकते. बांधावर बैलगाडीचं चाक अडावं तशी. जोर वाढला की एकदम सुटते, पुढच्या अडथळ्याशी पुन्हा थांबते. ठोकलेल्या खिळ्यात असे अडथळे जास्त, म्हणून चुंबक काढल्यावरही भिंती सहज मागे फिरत नाहीत आणि कीस चिकटतो. या मोडलेल्या मांडणीलाच मी चूक म्हणतो. १९१९ साली जर्मनीत हाइनरिश बार्कहाउझेन यांनी लोखंडाभोवती तारेचं वेटोळं गुंडाळून हे सुटणं ध्वनिवर्धकातून ऐकलं. खरखर, खरखर. प्रत्येक खट् म्हणजे कुठेतरी सुटलेली एक भिंत. मला तो प्रयोग फार आवडतो, कारण अणूंच्या पातळीवरची चूक त्यात कानांनी ऐकू येते.

आता खिळ्यावरून पापुद्र्याकडे जाऊ. पापुद्रा म्हणजे पन्नास-शंभर नॅनोमीटर जाडीचा थर. आपल्या केसाची जाडी याच्या शेकडो पट. इतक्या पातळ थरात चुकीला लपायला जागाच नसते. चूक वरपासून खालपर्यंत आरपार जाऊ शकते.

आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. गिरणा नदीच्या वाळूत कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवा, काळे कण चिकटून येतील. त्यात मॅग्नेटाइट, म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजनचं चुंबकीय खनिज असतं, आपल्या बेसॉल्टच्या खडकातून झिजून आलेलं. हेच मॅग्नेटाइट प्रयोगशाळेत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या स्फटिकावर थर म्हणून वाढवतात. स्फटिकात अणूंची मांडणी ठराविक अंतराने पुन्हा पुन्हा येते. खालच्या स्फटिकाचं हे माप मॅग्नेटाइटच्या मापाच्या जवळजवळ बरोबर निम्मं आहे: ०.४२ आणि ०.८४ नॅनोमीटर. जुळणी उत्तम वाटते ना? घोळ तिथेच होतो. थर सगळीकडे एकाच वेळी वाढत नाही, बेटं-बेटं म्हणून सुरू होतो. आणि प्रत्येक बेटाला सुरुवात करायला एकाहून जास्त सारख्याच सोयीच्या जागा असतात.

शेतात दोघे दोन टोकांनी पेरत निघाले, दोघांची तासं सरळ, अंतरही सारखं. मध्यावर भेटले तेव्हा एकाचं तास दुसऱ्याच्या दोन तासांच्या मधोमध! चूक कुणाचीच नाही, पण सांधा राहिला. मॅग्नेटाइटच्या थरात असंच होतं. ऑक्सिजनची मांडणी सांध्यातून अखंड जाते, लोखंडाचे अणू मात्र तिथे वेगळ्याच कोनात समोरासमोर येतात. मग ऑक्सिजनच्या मध्यस्थीने ते एकमेकांच्या उलट दिशेला वळतात. म्हणून मॅग्नेटाइटचा मोठा स्फटिक जितक्या चुंबकीय क्षेत्रात पूर्ण एका दिशेला येतो, त्याच्या कितीतरी पट क्षेत्र दिलं, काही टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) दिलं, तरी हा पापुद्रा पूर्ण वळत नाही. सांध्याजवळचे अणू हट्टाने उलटे राहतात.

पण याच सांध्यांमुळे क्षेत्र दिल्यावर थराचा विद्युतरोध जास्त बदलतो, म्हणजे चूक कामाचीही असू शकते. म्हणून विद्यार्थी ‘चूक काढून टाकायची कशी’ एवढंच विचारतात तेव्हा मी म्हणतो, आधी ती कुठली आणि कुठे आहे ते शोधा.

आणि ती थरातच आहे ना, हेही बघा. २००४ साली आयर्लंडमधल्या संशोधकांना हाफ्नियम ऑक्साइडच्या थरात चुंबकत्व दिसलं. या पदार्थात ते असायचं कारण नव्हतं, म्हणून ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांकडे, म्हणजे जिथे ऑक्सिजनचा अणू असायला हवा होता पण नव्हता अशा चुकांकडे बोट गेलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाने दाखवलं, की असे नमुने नुसते स्टीलच्या चिमट्याने धरले तरी तेवढंच चुंबकत्व दिसू शकतं. चिमट्याचा न दिसणारा लोखंडी अंश थराला लागतो. पापुद्र्याचं एकूण चुंबकत्व इतकं क्षीण असतं, की तो एवढासा अंशही मोजणीत उतरतो.

माझ्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की पहिल्या दिवशी मी त्याच्या हातात प्लास्टिकचा चिमटा ठेवतो.