पावडर थोडी, हात कोरडा

(अंधार. बटणाचा आवाज. लटकता दिवा लागतो, खाली कॅरम बोर्ड.)

रात्रीचे साडेनऊ. जेवणं आटपून एकेक जण मंडळाच्या खोलीत यायला लागलाय. परळच्या चाळीतली ही खोली, भिंतीवर जुन्या गणपतींचे फोटो, कोपऱ्यात घड्या घातलेल्या खुर्च्या, आणि मधोमध हा बोर्ड. वर्गणीतून घेतलेला, म्हणजे कुणा एकाचा नाही, सगळ्यांचाच. कुणी ड्युटीवरून थेट येतो, कुणी जिममधून, कुणी खालच्या गाडीवर वडापाव खाऊन, आणि सगळ्यांचे हात त्याच 19 सोंगट्यांना आणि त्याच एका स्ट्रायकरला लागतात.

आज कोण जिंकतंय ते राहू दे. आज जरा हातांकडे बघा.

(क्लोजअप. दोन बोटांत धरलेली पांढरी सोंगटी, हळूच उलटी केलेली.)

ही पांढरी सोंगटी. वरून बरी दिसते. आता हिची कड बघा, गोल फिरवा. ती करडी रेघ दिसतेय ना? तो घाम, हाताचं तेल आणि पावडर यांचा थर आहे, नखानं खरवडला तर चिकट लोण्यासारखा निघतो. सोंगटी असते पाच ते साडेपाच ग्रॅमची. एवढ्याशा वजनाच्या वस्तूवर एवढा थर म्हणजे तिला चांगलंच ओझं झालं. कट मारायला गेलो की सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी येऊन थांबते आणि आपण म्हणतो नशीबच खराब. नशीब कसलं, कड चिकट झालीय.

पावडरचं काम काय ते एकदा नीट समजून घेतलं ना की बाकी सगळं आपोआप कळतं. बोरिक पावडरचे बारीक कण सोंगटी आणि लाकूड यांच्यामध्ये येतात, त्यांच्यावरून सोंगटी सरकते, लाकडाला थेट घासत नाही. पण हे कण कोरडे आणि सुटे असतील तोवरच. ओल लागली की गोळे होतात, तेल लागलं की लेप होतो. मग ज्या पावडरीनं सोंगटी पळवायची तीच पावडर तिला धरून ठेवते.

आणि आपल्याकडे बोर्ड स्लो वाटला की पहिला उपाय काय? अजून पावडर टाका! मूठभर घ्यायची, मध्ये ढीग करायचा, तळहातानं पसरायची. तो तळहात घामेजलेला असतो हे कुणाच्या लक्षातच येत नाही. स्पर्धांचे व्हिडिओ बघून पोरं शॉट शिकतात, प्रशांत मोरे, योगेश परदेशी अशी आपल्या महाराष्ट्रातल्या विश्वविजेत्यांची नावं तोंडपाठ आहेत, पण बोर्ड कसा ठेवायचा हे कुणी कुणाला शिकवत नाही, आणि मला हे मनापासून वाटतं की शॉटच्या आधी हे शिकवायला पाहिजे.

चिमूटभर पावडर पुरते. दादा लोक ती पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायचे आणि बोर्डवर नुसती थोपटायचे, चाळल्यासारखी सगळीकडे सारखी पडायची. ही पुरचुंडी परत आणली पाहिजे.

(पावसाचा आवाज. खिडकीची ओली चौकट.)

जुलै-ऑगस्टमध्ये तर मुंबईत बोर्ड वेगळाच वागतो. हवेतच एवढा दमटपणा की प्लायवूड ओल धरतं, पावडर डब्यातच गठ्ठा होते. पूर्वी वर पिवळा बल्ब असायचा, शंभर वॉटचा, तो तापायचा, त्याच्या उबेनं बोर्ड कोरडा राहायचा. आता एलईडी आला, उजेड छान, लाईटबिल कमी, पण ऊब नाही. म्हणून खेळाआधी पाच मिनिटं सुती फडक्यानं कोरडं पुसून घ्यायचं, पावडर त्याच्यानंतर. ओलं फडकं मात्र चुकूनसुद्धा लावायचं नाही. प्लायला पाणी लागलं की फुगवटा येतो आणि एकदा बोर्ड फुगला की तो परत सपाट होत नाही.

आमचा एक बोर्ड असाच गेला. गणपतीतली रात्र होती, मांडवात जागरण, चार जण खेळतायत, बाकीचे बघतायत, आणि कडेच्या फ्रेमवर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवलेला. रिबाउंड मारताना कोपर लागलं. चहा पॉकेटपर्यंत पोचला, पुसला लगेच, सगळ्यांना वाटलं झालं ठीक. पण दुसऱ्या दिवशी उजव्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर उंचवटा लागला, आणि त्यानंतर त्या कोपऱ्याकडे मारलेली प्रत्येक सोंगटी किंचित वळायची. ओरडलं कुणी नाही, पण वर्गणीतला बोर्ड गेला म्हणून सगळ्यांनाच वाईट वाटलं होतं. तेव्हापासून चहा आणि खाणं बाहेर कट्ट्यावर.

(एक बोर्ड, म्हणजे एक डाव, संपतो. सोंगट्या गोळा करणारे हात.)

आता हा क्षण बघा. बोर्ड संपला, पॉइंट मोजले, सोंगट्या परत मांडायच्यात. नियमाप्रमाणे गेम 25 पॉइंटचा किंवा 8 बोर्डचा, म्हणजे एका गेममध्ये अशा बऱ्याच मोकळ्या जागा मिळतात. पुसायचं ते इथेच. चौघांनी हात कोरडे करायचे, दोघांनी सोंगट्यांच्या कडा फडक्यातून फिरवून घ्यायच्या, अर्धा मिनिट लागतो. पँटला घासायची नाही, पँटचे तंतू आणि धूळ सोंगटीला लागते. आणि एक फडकं बोर्डचं, दुसरं हातांचं, ही दोन कधीच एकत्र करायची नाहीत.

जाळ्यांकडे तर कुणी बघतच नाही. चार पॉकेटच्या चार जाळ्या, सगळी जुनी पावडर, धूळ, कधी शेंगदाण्याचं फोलपटसुद्धा तिथे साठतं. स्वच्छ सोंगटी त्यात पडते आणि मळून वर येते. आठवड्यातून एकदा जाळ्या उलट्या करून गच्चीवर झटकायच्या.

स्ट्रायकरचं सोपं आहे. हल्ली तो बहुतेक अॅक्रिलिकचा असतो, साबणाच्या पाण्यानं धुतला, नीट पुसला, झालं. सोंगट्या लाकडाच्या, त्यांना पाण्यात बुडवायचं नाही. फडकं जेमतेम ओलसर, पिळून पिळून घेतलेलं, एकेक सोंगटी पुसायची आणि वर्तमानपत्रावर सावलीत पसरून ठेवायची. उन्हात लाकूड तडकतं.

अजून एक गोष्ट, ही लहान मुलांच्या आईवडिलांसाठी. बोरिक पावडर म्हणजे बोरिक अॅसिड, घरात मुंग्या-झुरळांसाठी टाकतात तेच. ती पोटात जाता कामा नये. दुपारी शाळा सुटल्यावर पोरं इथे येतात, एका हातानं वेफर्स आणि एका हातानं स्ट्रायकर, आणि पावडर उडवायला फुंकरही मारतात. फुंकर बंद, आणि खेळून झालं की साबणानं हात, मगच खाऊ. डबा झाकण लावून वरच्या फळीवर.

(साडेअकरा. खोली रिकामी होतेय.)

शेवटचा गेम संपला. एका पोराला, असेल नववीतला, दादानं फडकं दिलंय. तो कडेपासून मध्याकडे पुसतोय, पावडर एका जागी गोळा करतोय, कागदावर घेतोय. मग सोंगट्या मोजतो, नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या. राणी दिसत नाही. तो वाकतो, उजव्या जाळीत हात घालतो, राणी काढतो, तिच्या कडेवरनं फडकं फिरवतो आणि डब्यात ठेवतो.

(दिवा बंद.)