नववीतली गळती

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोदा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाची आगाऊ पैशांची उचल असते कोयत्यावर, म्हणजे नवराबायकोच्या जोडीवर. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप.

धाकट्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह तरी निघतं. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाचा, आठवीपर्यंतचा. शालेय पोषण आहारही आठवीलाच थांबतो. पोर कोयता धरण्याजोगं होतं आणि नेमके तेव्हाच सगळे आधार सुटतात. दहावीचा चांगला निकाल ऐकून म्हणूनच हुरळून जाऊ नका. नववीच्या दुसऱ्या सत्रात शाळा सोडून गेलेली मुलं त्या टक्केवारीत धरलेलीच नसतात!

पट घटला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, शिक्षकाचं पद जातं. मग गणित-विज्ञान एकाच शिक्षकाच्या गळ्यात: नववीची ३ पुस्तकं, दहावीची ४. प्रयोग फळ्यावरच उरकतात. परतलेल्या मुलाची बुडालेली भूमिती वेगळी घ्यायला तासच उरत नाही. दहावीला ७५ टक्के हजेरीची अट असते, ती वेगळीच.

हातात धरता येईल अशी एक गोष्ट आहे: एनएमएमएस, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. कुटुंबाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. आठवीतली ही परीक्षा बहुधा डिसेंबरात येते, म्हणजे ऐन हंगामात. त्यामुळे जिला तिची सर्वांत जास्त गरज, तीच मुलगी तेव्हा फडावर असते. परीक्षेपुरतं तरी तिला आजीजवळ ठेवा.

निवड होऊनही पैसे अडतात ते कागदांपायी. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला टोळी निघण्याआधीच काढा. शाळेचं रजिस्टर, आधार आणि बँक पासबुक, तिन्हीकडे नाव अक्षरन् अक्षर एकच हवं. एका वेलांटीनेही अर्ज लटकतो. खातं मुलाच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं असावं. अर्जाचं दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि ओटीपी जातो वडिलांच्या मोबाईलवर, तिकडे कारखान्यावर. तेव्हा मागे राहणाऱ्या माणसाचा नंबर द्या. वर्गशिक्षकांनी या मुलांची यादी सप्टेंबरातच करावी. शाळा सुटलीच, तर दहावी बाहेरून देण्यासाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. त्याची मुदत मात्र परीक्षेच्या कितीतरी आधी संपते, म्हणून शाळेत वेळेवर विचारा.