तळ्याकाठचं खोपट

मित्रहो, कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या कुशीत एक तळं आहे, आज त्याला डॉनर लेक म्हणतात. १८४४च्या नोव्हेंबरात पश्चिमेकडे निघालेला एक तांडा तिथं पोचला आणि बर्फात अडकला. सहा गाड्या तळ्याकाठी सोडून लोक घाट चढून गेले. राखणीला तिघं थांबले. त्यांतला सर्वांत लहान मोझेस शालनबर्गर, जेमतेम १८ वर्षांचा. आईवडील लहानपणीच गेलेले. बहीण आणि मेहुणे डॉ. टाउनसेंड यांनी वाढवलेला.

तिघांनी दोन दिवसांत १२ बाय १४ फुटांचं खोपट उभारलं. खिडकी नाही, दाराच्या जागी नुसतं भगदाड. शिकारीवर हिवाळा काढू, असा त्यांचा हिशेब. पण बर्फ चढत गेलं, शिकार दिसेनाशी झाली. शेवटी गाडीच्या छताच्या कमानींना कातड्याच्या वाद्या विणून त्यांनी बर्फात चालायच्या चौकटी केल्या आणि तेही निघाले.

इथं एका गाठीनं घात केला. चौकट फक्त चवड्याला बांधायची, टाच मोकळी ठेवायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टाचही बांधली. प्रत्येक पावलाला बर्फासकट सगळं ओझं उचलायचं. मोझेसच्या पायांत गोळे आले, पाऊल पडेना. दुसऱ्या दिवशी दोघं पुढं गेले, हा एकटा खोपटात परतला. दोघांना मी दोष देत नाही. तिघांपुरतं अन्नच नव्हतं.

गाड्यांमध्ये त्याला लोखंडी सापळे सापडले. पहिल्यांदा कायोटी मिळाला, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद. भाजला, शिजवला, तरी घशाखाली उतरेना. मग खोकड मिळालं, ते मात्र चवीला उत्तम. सरासरी दोन दिवसांना एक. तो उपाशी राहिला नाही. पण उद्या सापळा रिकामा निघाला तर, ही धास्ती रोजची होती. कॉफी एका कपापुरतीच होती. ती त्यानं नाताळासाठी जपून ठेवली.

मला सर्वांत भिडतं ते वेगळंच. डॉक्टरांच्या पुस्तकांत बायरनच्या कविता होत्या आणि लॉर्ड चेस्टरफील्डनं मुलाला लिहिलेली पत्रं. पाइनच्या राळभरल्या गाठी पेटवून हा पोरगा रात्री उशिरापर्यंत वाचायचा, म्हणजे सकाळी उशिरा जाग येईल आणि दिवस तेवढाच आखूड होईल. मोठ्यानं वाचायचा, कारण त्या शांततेत कुठला तरी आवाज हवा होता. भोवती माणूस नाही, बाहेर टांगलेले कायोटी, आणि बाप नसलेला हा मुलगा दुसऱ्या कुणा बापाची पत्रं स्वतःलाच ऐकवतोय. हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

१८४५च्या फेब्रुवारीअखेर, सूर्य मावळायच्या सुमारास, बर्फावरून एक माणूस येताना दिसला. तांड्यातलाच डेनिस मार्टिन. भावाकडं जाऊन या, म्हणून मोझेसच्या बहिणीनं त्याला विनवलं होतं. मार्टिनला कॅनडातल्या बर्फाची सवय. त्यानं पोराच्या चौकटी नीट करून दिल्या, बांधायच्या कशा ते दाखवलं, आणि दोघं घाटाच्या वाटेला लागले.